देवीकडे पाठ न करता वल्हवायची पद्धत

दर्शनच्या बोटीला कातळशेतात कोणी बोट म्हणत नसे. तो जयगडच्या बंदरात फिटर होता, त्याला आठवड्यातून एक सुट्टी मिळे, आणि सुट्टीच्या दिवशी माणसानं काय करावं याबद्दल गावाची काही ठाम मतं होती. बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या आवारातून चौदा फुटी शिडाचा कॅटामरान उचलून आणणं त्या मतांत कुठंच बसत नव्हतं.

वस्तू तशी साधी होती. फायबरची दोन लांबट, पोकळ, टोकदार अंगं, त्यांना जोडणारे दोन आडवे पाइप, पाइपांमध्ये ताणून बांधलेली जाळी आणि वर डोलकाठीला एक शीड. बसायला फळी नाही, उपसायला तळ नाही, मासळी टाकायला जागा नाही. होडी कलंडू नये म्हणून बाजूला जो ओंडका बांधतात त्याला उलांडी म्हणतात. होडीवाल्या सदूनं ही बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आला आणि म्हणाला, "दोन उलांड्या हायत रे. मधली होडी कोणी नेलीन?"

बोटीला एकच खोड होती. वारा पडला की ती थांबे. आणि कातळशेतच्या खाडीत वारा रोज पडतो. पहाटेचा जमिनीवरून सुटणारा मतलई वारा नऊ-साडेनऊला दमतो, समुद्रावरचा वारा दुपारी बारा-एकशिवाय येत नाही, आणि मधल्या वेळात खाडी तेलाच्या पिंपासारखी पडून राहते. अशा तेलात दर्शन तीनदा अडकला. तिन्ही वेळा त्याला महिपतच्या लाँचनं दोरी बांधून ओढत जेटीवर आणलं. तिन्ही वेळा महिपतनं फोटो काढून ते 'कातळशेत ग्रामस्थ' या ग्रुपवर टाकले. तिसऱ्या फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, 'आजची आवक : एक.'

एकशे चौदा लोकांनी हसरे चेहरे पाठवले. दर्शनच्या वडिलांनी काहीच पाठवलं नाही, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. पण त्यांना कळायचं ते कळलं.

वडील, म्हणजे धोंडू तांडेल, तीस वर्षं लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते आणि तीस वर्षांत एकदाही कोणाच्या मागं बांधले जाऊन घरी आले नव्हते. त्यातून महिपत हा त्यांच्याच हाताखाली खलाशी म्हणून शिकलेला. तिसऱ्या फोटोच्या संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, "शिमगा झाला की ती वस्तू जाईल."

"कुठं जाईल?"

"गणपतीपुळ्याच्या वाटेवर नवं रिसॉर्ट झालंय. त्याचा माणूस येऊन बघून गेला. दोन्ही नळकांड्यांत माती भरून बोगनवेल लावणार म्हणतो. लोक फोटो काढतील."

"बाबा, ती बोट आहे."

"मग बोटीसारखी वाग म्हणावं तिला." त्यांनी भातावर कालवण ओतलं. "एकदा, फक्त एकदा, कुणाच्या दोरीनं ओढून न घेता पलीकडं जाऊन परत ये. मग ठेव. नाहीतर शिमगा आटोपला की टेम्पो येईल."

शिमग्याला पाच आठवडे होते. दर्शननं बोटीला वल्ही लावायचं ठरवलं.

बाजारात मिळतात ती वल्ही होडीची, आखूड. इथं माणूस पाण्यापासून दोन हात उंच जाळीवर बसणार आणि बाजूचं अंग मधे येणार, म्हणजे वल्हं दहा फुटी हवं. त्यानं दोन सरळ बांबू तासले आणि त्यांच्या टोकाला निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातून कापलेली पाती ठोकली. पिंपाचा मूळचा बाक पात्याला इतका बेमालूम बसला की दर्शनला वाटलं, पिंप बनवणाऱ्याला वल्हीच करायची होती, मधेच त्याचा विचार बदलला असावा. मांडवाचा एक जुना पाइप त्यानं दोन्ही अंगांवरून आडवा टाकला, डिशच्या छत्रीला असतात तसल्या कड्यांनी आवळला आणि त्याच्या दोन टोकांना न गंजणाऱ्या बोल्टची एकेक उभी खुंटी बसवली. वल्हं खुंटीला टेकायचं आणि निसटू नये म्हणून नायलॉनच्या दोरीचा एक फास. झालं.

बैठक सरकती हवी होती, म्हणजे हातांबरोबर पायांचाही जोर लागतो. त्यासाठी त्यानं घरातला जेवणाचा एक पाट घेतला आणि तो कपाटाच्या ड्रॉवरच्या चॅनेलवर चढवला. खाऱ्या पाण्यात चॅनेल दोन दिवस गुळगुळीत चाललं आणि तिसऱ्या दिवशी कायमचं थांबलं. त्या वेळी दर्शनचे गुडघे छातीला लागलेले होते. मग त्यानं खिडकीच्या सरकत्या काचेची अॅल्युमिनियमची पट्टी आणि एका प्रवासी बॅगेची चार चाकं लावली. पाय अडकवायला फळीवर रबरी चपलांचा जोड बोल्टनं पक्का केला. माणूस आला की चपलांत पाय घालायचे, निघाला की चपला तिथंच ठेवून अनवाणी जायचं.

हे सगळं वापरताना एक गोष्ट मान्य करावी लागे. वल्ही ओढून मारायची तर माणसाला बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसावं लागतं. बोट पुढं जाते आणि माणूस निघालेल्या ठिकाणाकडे बघत राहतो. "बघ," सदू लोकांना सांगे, "पोरगा घराकडं तोंड करून पळतो." पण बोट चालत होती. जेटीवरून माडांच्या टोकापर्यंत आणि परत असा सराव तो रोज संध्याकाळी करी. पलीकडं जायचं मात्र त्यानं सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवलं, आणि दरम्यान बंदरात दोन मोठी जहाजं लागल्यानं त्याच्या सुट्ट्या रद्द झाल्या. सुट्टी मिळाली ती थेट शिमग्याची.

सोमजाईची पालखी शिमग्यात प्रत्येक घरी जाते. होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून ती घरं घेते, आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला खाडी ओलांडून पैलवाडीला जाते. पैलवाडी म्हणजे चार घरं, एक विहीर आणि हौसाकाकी. पलीकडं पुलावरून रस्ता आहे, पण तो शेजारच्या गावाच्या हद्दीतून जातो. तिथली देवी सोमजाईची सख्खी बहीण. दोघींचं वाकडं काही नाही, पण आमंत्रणाशिवाय एकीची पालखी दुसरीच्या हद्दीत जात नाही, आणि आमंत्रण मागायला तीन बैठका लागतात. खाडी मात्र पूर्ण कातळशेतची. म्हणून पालखी पाण्यातूनच जाते, सदूच्या होडीतून, सदूच्या आज्यापासून.

सदूची होडी लाकडी. वर्षभर ती फणसाखाली पालथी असते आणि उन्हानं तिच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. शिमग्याच्या आठ दिवस आधी ती पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. यंदा सदू लेकीच्या डोहाळजेवणाला खेडला गेला, जेवण चांगलं होतं म्हणून राहिला, आणि प्रतिपदेला रात्री परत आला. द्वितीयेला सकाळी होडी जेटीला लावली तेव्हा ती पाचव्या मिनिटाला इतकी भरली की तिच्यात एक बोईट मासा पोहत होता.

"फुगेल," सदू म्हणाला.

"कधी?"

"गुढीपाडव्यापर्यंत."

जेटीवर दोनशे माणसं, ढोल, ताशे आणि पालखी. महिपतची लाँच होती, पण लाँचला साडेतीन-चार फूट पाणी लागतं. पैलवाडीच्या पायऱ्यांपाशी भर भरतीलासुद्धा कमरेएवढंच पाणी असतं आणि त्याखाली गुडघाभर चिखल. त्या चिखलातून पालखी खांद्यावर नेताना एखादा पाय घसरला तर देवीच चिखलात.

"किती पाणी लागतं रे तुझ्या त्या ह्याला?" हर्षद गुरवानं दर्शनला विचारलं. हर्षद हा देवीचा पुजारी, वय सत्तावीस, बी.कॉम., वडिलांचे गुडघे गेल्यापासून पूजा त्याच्याकडे आलेली.

"अर्धा फूट."

सगळ्यांनी बोटीकडे पाहिलं. बोटीकडे इतक्या लोकांनी एकदम आदरानं पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. दर्शननं वडिलांकडे पाहिलं.

"जाऊन परत यायचं," धोंडू तांडेल म्हणाले. "दोरी न लागता. अट तीच."

"आणि मी लाँच घेऊन मागं आहेच," महिपत म्हणाला. त्यानं दोरीचं वेटोळं आधीच खांद्यावर टाकलं होतं. "काळजी करू नको. कॅमेरा पण चार्ज हाय."

भरती दीडची होती. धोंडू तांडेलांनी ती नेहमीप्रमाणे तोंडी काढली : तिथीची पाऊणपट, म्हणजे दीड, आपल्याकडं त्याच्या जरा आधीच. साडेअकराला निघालं तर वेळ भरपूर होता. मग हर्षद बोटीवर चढला आणि वेळ कमी व्हायला लागला.

पहिली अडचण डोलकाठीची. देवीच्या डोक्यावर काही असता कामा नये. छत्रीसुद्धा तिची तिची असते. शिडाचा आडवा दांडा तर वळताना बरोबर पालखीवरून जाणार. डोलकाठी उतरवली. शिडाची बोट शिडाशिवाय उरली.

दुसरी अडचण चपलांची.

"देवीसमोर चपला?"

"त्या चपला नाहीत, हर्षद. पाय टेकायची जागा आहे. बोल्टनं बसवलीय."

"बोल्टनं बसवली म्हणून तिची चप्पल जात नाय," हर्षद म्हणाला. दर्शननं पान्यानं चारही बोल्ट काढले. चपला सदूच्या हातात दिल्या. सदूनं त्या पायात घातल्या, कारण त्याच्या चपला होडीबरोबर बुडाल्या होत्या. आता पाय अडकत नाहीत म्हटल्यावर सरकत्या पाटाचा उपयोग संपला. तो जागच्या जागी राहावा म्हणून चाकांखाली दोन्हीकडून नारळ दाबले.

तिसरी अडचण आली तेव्हा ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले.

पालखी बोटीच्या पुढच्या भागात, चौरंगावर ठेवायची होती. देवीच्या पुढं कोणी चालत नाही, हा नियम लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण देवी पुढं ठेवली, तर मागच्या टोकाकडे तोंड करून वल्हवणाऱ्या दर्शनची पाठ देवीकडे.

"पाठ नाय चालायची," हर्षद म्हणाला.

"मग देवीला मागं ठेवू. म्हणजे माझं तोंड तिच्याकडं."

"म्हणजे तू तिच्या पुढं?"

"पुढं म्हणजे, बसलेला."

"बसलेला असलास तरी पुढंच ना."

गावकऱ्यांची तिथंच, जेटीवर, बैठक झाली. एका म्हाताऱ्यानं सुचवलं की दर्शनच्या पाठीवर देवीचा फोटो बांधावा. दुसऱ्यानं विचारलं की आडवं बसून वल्हवता येतं का. पहिल्यानं सांगितलं की खेकड्याला येतं. बैठक वीस मिनिटं चालली, आणि अकरा पंचावन्नला हर्षदचा फोन वाजला. पैलवाडीहून हौसाकाकी होती. हर्षदनं फोन स्पीकरवर टाकला.

"काय रे हर्षद, उकडीचे थंड होतायत. देवी निघाली की नाय?"

हर्षदनं अडचण सांगितली. पलीकडं पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला.

"दोनशे गडी हायत न्हवं तिथं?"

"होय काकी."

"आणि एकाला पण कळत नाय? मेल्यांनो, मग मागची बाजू पुढं करून आणा!"

काकीनं फोन ठेवला. ती रागानं बोलली होती हे उघड होतं. रागानं माणूस म्हणतो, डोक्यावर चालत ये. पण जेटीवरचे दोनशे लोक मनातल्या मनात बोट फिरवून बघायला लागले.

सगळ्यात आधी धोंडू तांडेलांची फिरवून झाली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "देवी मागच्या टोकाला ठेवायची. ह्याचं तोंड तिच्याकडं. आणि बोट मागच्या टोकानं चालवायची. वल्ही ओढायची नाहीत, ढकलायची. देवी पुढं, हा मागं, पाठ कोणाचीच नाही."

"म्हणजे जाताना पण आणि येताना पण?"

"होय."

"सातशे मीटर ढकलत?"

"सरळ जायचं असेल तर टेम्पोत घालून जाता येईल," वडील म्हणाले.

सुकाणूची दोन्ही पाती मागच्या टोकाला होती, म्हणजे आता ती पुढं येणार होती. ती काढून टाकली. अशा रीतीनं शीड नसलेली, सुकाणू नसलेली, उलट्या तोंडाची, नारळांवर बसवलेल्या पाटाची ती बोट बारा वाजून वीस मिनिटांनी ढोलताशांच्या गजरात निघाली. बोटीवर देवी, हर्षद, पालखी धरायला धोंडू तांडेल, आणि दर्शन. मागून लाँचमध्ये साठ माणसं.

ढकलून वल्हवणं हे कपाट सरकवण्यासारखं असतं, फक्त कपाट कधी भिंतीला लागत नाही. टोकदार बाजू मागं आणि चपटी बाजू पुढं असल्यानं पाणी बोटीला जागा द्यायला तयार नव्हतं. त्यातून पालखीचा दांडा नेमका दर्शनच्या कपाळाच्या रेषेत आला होता. प्रत्येक वेळी जोर लावायला तो पुढं झुकला की कपाळ दांड्याला टेके. पन्नास वल्ह्यांत पन्नास नमस्कार झाले. लाँचवरच्या बायका हे बघून गहिवरल्या.

आणि जाळी. जाळी ताणलेली असली तरी तिच्यात उसळी असते. प्रत्येक ढकलण्याबरोबर ती खाली जाई आणि वर येई, आणि चौरंगासकट पालखी हलके हलके नाचे. पालखी नाचवायला एरवी आठ-आठ माणसं लागतात, घामाघूम होतात. इथं ती एकटीच नाचत होती. लाँचवरचे ढोल वेडे झाले. "देवी खूश हाय रे!" कोणीतरी ओरडलं. दर्शनला खुशी दिसत नव्हती, त्याला दांडा दिसत होता.

पण बोट गेली. पस्तीस मिनिटं लागली, तळहाताचे दोन फोड फुटले, महिपत दर पाच मिनिटांनी "देऊ काय?" असं विचारत राहिला, आणि बोट पैलवाडीच्या पायरीला लागली, तीही अशी की गड्यांनी पालखी उचलली ती पाय न भिजवता. हौसाकाकीनं देवीला ओवाळलं. मग दर्शनला ओवाळायला गेली आणि त्याच्या कपाळावर आधीच टेंगूळ बघून कुंकू जरा बाजूला लावलं.

"अर्धं झालं," दर्शन वडिलांना म्हणाला.

"अर्ध्याला अर्धाच टेम्पो येतो काय?" वडील म्हणाले आणि मोदक खायला बसले.

चार घरं घ्यायला तीन वाजून गेले. भरती उलटून दीड तास झाला होता, पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या, आणि वारा आता बाहेरून चांगला वाहत होता. सूर्य मावळायच्या आत पालखी गावच्या सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली पाहिजे. दर्शननं हातांना फडकी गुंडाळली आणि पुन्हा देवीकडे तोंड करून बसला.

अर्धी खाडी नीट गेली. मग डाव्या खुंटीपाशी 'टक्' असा आवाज झाला, वल्हं हातात हलकं झालं आणि दर्शन पूर्ण जोरानिशी पालखीच्या दांड्यावर गेला.

काय झालं ते त्याला बघता क्षणी कळलं. ओढताना वल्ह्याचा सगळा भार खुंटीवर येतो. फास फक्त सोबतीला असतो. ढकलताना उलट होतं. खुंटी मोकळी राहते आणि भार फासावर येतो. तो न गंजणारा जाड बोल्ट आज दुपारपासून नुसता उभा होता, आणि बोटभर नायलॉनची दोरी देवीला ओढत होती. ती आता बोल्टवर घासून तुटली होती.

दर्शननं उजव्या वल्ह्यानं ढकललं. बोट फिरली. पुन्हा ढकललं, पुन्हा फिरली. ओहोटी खाडीच्या तोंडाकडे ओढत होती, वारा उलट लोटत होता, आणि दोघांच्या मधे सोमजाईची पालखी संथपणे गोल फिरत होती. लाँचवरचे ढोल थांबले. मग एका बाईनं हात जोडले. "देवी खाडीची प्रदक्षिणा करते," ती म्हणाली, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

"प्रदक्षिणा उजवीकडून असते," हर्षद पालखी घट्ट धरून पुटपुटला. "ही डावीकडून चाललीय."

"मी काय करू?" दर्शन म्हणाला. "डावा फास गेला."

लाँच जवळ आली. महिपतनं पुढं उभं राहून दोरी हातात तोलली. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही कुचकटपणा नव्हता, आणि दर्शनला त्याचाच जास्त त्रास झाला. कुचकट माणसाला नाही म्हणता येतं.

"झाली हौस," महिपत म्हणाला. "देवी हाय बोटीवर. बांध आता."

दर्शननं खिसे चाचपले. दोरी नाही. डोलकाठीच्या, शिडाच्या, सुकाणूच्या सगळ्या दोऱ्या, जवळजवळ चाळीस मीटर, जेटीवर सदूच्या ताब्यात होत्या. धोतराचा काठ फाडावा तर हर्षदचं सोवळं. बोगनवेलीचा रंग कुठला असेल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. गुलाबी बहुतेक. रिसॉर्टवाल्यांना गुलाबीच आवडतो.

तो वडिलांकडे न बघता म्हणाला, "टाक दोरी."

दोरी आली. ती दर्शनच्या हातात पडली नाही. धोंडू तांडेलांनी पालखीचा दांडा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ती हवेतच पकडली, तीस वर्षं पकडत होते तशी, बघितल्याशिवाय. मग त्यांनी हर्षदला विचारलं, "नारळाचा कोयता कुठं हाय?"

"पिशवीत."

"दे."

त्यांनी दोरीचं टोक बोटीच्या कडेवर धरलं, दोन हात मोजले आणि कोयत्याचा एक घाव घातला. दोन हाताचा तुकडा मांडीवर ठेवला. बाकीची दोरी गोळा करून परत लाँचवर फेकली. ती महिपतच्या छातीवर पडली.

"आवशीचा घो! नवी दोरी होती ती, तांडेल!"

"चांगली हाय," धोंडू तांडेल म्हणाले. "म्हणून तर घेतली."

त्यांनी तुकडा खुंटीभोवती आणि वल्ह्याभोवती दोनदा फिरवला, मधे एक आडवा वेढा दिला आणि अशी गाठ मारली की दर्शननं आयटीआयच्या दोन वर्षांत आणि बंदरातल्या सहा वर्षांत तसली पाहिली नव्हती. मग उजव्या फासाकडे बघून ते म्हणाले, "हा पण जायच्या बेतात हाय. त्या अंगाला जोर कमी लाव."

"कमी लावला तर बोट फिरेल."

"मग हर्षदला डाव्या अंगाला सरकव. वजनदार हाय."

हर्षद देवीची क्षमा मागून डावीकडे सरकला. बोट तिकडं जरा दबली, आणि दबलेल्या अंगाला पाणी अडून ती सरळ राहायला लागली. बी.कॉम.चा असा उपयोग होईल हे हर्षदला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. उरलेली खाडी पार करायला पन्नास मिनिटं लागली. दर्शनच्या हातांचं काय झालं ते त्यानं फडकी सोडेपर्यंत बघितलं नाही. सूर्य माडांच्या शेंड्याला टेकला तेव्हा बोट मागच्या टोकानं जेटीला लागली, पालखी उचलली गेली आणि वेळेत सहाणेवर बसली.

मग खरी बैठक भरली.

"दोरी लागली," महिपत म्हणाला. "फोटो हाय माझ्याकडं. दोरी इथून तिथं गेलेली स्वच्छ दिसते."

"लागली ना," धोंडू तांडेल म्हणाले. "ओढलंन कोणी?"

"ओढलं नाय. पण दोरी माझी."

"तुझीच. तुला नवी आणून देतो. ओढलं काय, ते सांग."

सगळ्यांनी हर्षदकडे पाहिलं, कारण बोटीवरचा तटस्थ माणूस तोच.

"ओढलं नाही," हर्षद म्हणाला. "मी बराच वेळ डोळे मिटून होतो. पण ओढलं असतं तर एवढा वेळ लागला नसता."

हा पुरावा सगळ्यांना पटला. महिपतलाही पटला. त्यानं फोटो ग्रुपवर टाकला तो खाली काहीही न लिहिता, आणि एकशे चौदा लोकांनी हात जोडलेले पाठवले.

शिमगा आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला, कारण रिसॉर्टला नको असं कळवायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. धोंडू तांडेल अंगणात बोटीच्या जाळीवर मांडी घालून चहा पीत बसले होते. ड्रायव्हरनं मागचं फळकूट उघडलं.

"न्या," धोंडू तांडेल म्हणाले. "पण मालकाला एक सांगा. हिच्यावर देवी बसली हाय. आता जिथं ही वस्तू, तिथं दर शिमग्याला पालखी जाणार. द्वितीयेला दोनशे माणसं येतील. जेवण तुमच्याकडं. ढोल रात्रभर असतात. बोगनवेल देवीला चालते की नाय ते हर्षद येऊन बघेल. नाय चालली तर उपटेल."

ड्रायव्हर बाजूला जाऊन फोनवर बोलला. बरंच ऐकून घेतलं त्यानं. मग फळकूट लावून टेम्पो मागं घेतला.

हे सगळं दर्शन दारातून बघत होता. दोन्ही पंज्यांना पट्ट्या होत्या, त्यामुळे त्याला चहा बशीतून, मांजरासारखा वाकून प्यावा लागत होता.

"बाबा, पालखी खरंच तिच्यामागं जाते?"

"मला काय माहीत? मी गुरव हाय काय?" ते बोटीवरून उतरले, खिशातून सुताराची टेप काढली आणि जाळीची लांबी मोजायला लागले. पुढच्या पाइपापासून दर्शनच्या पाटापर्यंत मोजली. पाटापासून मागच्या पाइपापर्यंत मोजली. "इथं दुसरा पाट बसतो."

"कोणासाठी?"

धोंडू तांडेलांनी टेप मिटवली. "खुंट्या दोन-दोन हव्यात प्रत्येक वल्ह्याला. एक ओढायची, एक ढकलायची. आणि फास नायलॉनचा नको."

"दोन पाट म्हणजे दोघांची तोंडं मागं..."

"तुझं मागं. मी आयुष्यात कधी पाठ पुढं करून होडीत बसलो नाय, आता पण बसणार नाय. मी ढकलणार."

दर्शननं बशी खाली ठेवून हिशेब करून बघितला. तो ओढणार, वडील ढकलणार, दोघांची वल्ही पाणी एकाच दिशेनं मारणार. यंत्र म्हणून बरोबर होतं. फक्त दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून, चार हातांच्या अंतरात, तासन् तास एकमेकांकडे बघत बसणार होते. गेल्या दहा वर्षांत ते एका जेवणापेक्षा जास्त वेळ समोरासमोर बसले नव्हते.

"बोलायचं काय मग?" त्यानं विचारलं.

"बोलायचं कशाला?" धोंडू तांडेल म्हणाले. "वल्हवायचं." आणि ते माळ्यावर दुसरा पाट शोधायला गेले.